सासऱ्यांनी करून पाहिलेली कादंबरी

माझ्या नवऱ्याने आयुष्यात एकच कादंबरी लिहिली, आणि ती वाईट लिहिली. हे मी त्यांच्या तोंडावर सांगत असे, त्यामुळे इथे लिहायला माझी काही हरकत नाही. कथानक मात्र असं होतं की ऐकणाऱ्याच्या हातातला चहा गार होऊन जावा. डोकं होतं, भाषा नव्हती. सौंसरच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे आणि कादंबरीही त्यांनी मुलांच्या प्रयोगवहीसारखीच लिहिली होती.

ती लिहायला निमित्त झालं नव्या, भाषावार राज्यांचं. त्या हिवाळ्यात आमच्या गावात दुसरं बोलणंच नव्हतं. नागपूर आपल्याकडून जाणार, राजधानी भोपाळला होणार, विदर्भ तिकडे मराठी मुलुखाकडे आणि आपण मात्र इकडे हिंदीकडेच, असं रोज कोणी ना कोणी बसमधून उतरून सांगायचं. माझं माहेर नागपूरचं. सकाळच्या बसने निघालं की जेवायला आईकडे, इतकं जवळ, आणि आता ते परक्या राज्यात जाणार म्हणे. मला तर तिथे जायला परवानगी लागेल की काय असंही वाटायचं. यांची धास्ती वेगळी होती. उद्या शाळेत सगळं हिंदीतून शिकवावं लागलं तर? बदली थेट रीवा-सतन्याकडे झाली तर? जेवताना घास हातात धरून बसून राहायचे आणि मी ओरडले की दचकून खायचे.

अशाच एका जेवणात ते म्हणाले, "समज, एक माणूस आज झोपला आणि वीस वर्षांनी जागा झाला. आपण कोणत्या राज्यात आहोत हे त्याला कसं कळेल?"

"बस कुठे जाते ते विचारेल," मी म्हटलं.

त्यांनी माझं उत्तर ऐकलंच नाही. दुसऱ्या दिवसापासून शाळेतून आले की लिहायला बसू लागले.

कादंबरी समजायला आमच्याकडची एक गोष्ट माहीत हवी. संत्र्याच्या बागेला बहार हवा असेल तर आधी तिचं पाणी तोडतात. झाड मलूल होतं, पानं वळतात, काही गळतातही. मग नेमक्या वेळी पाणी सोडलं की तेच झाड फुलांनी भरून जातं. याला ताण देणं म्हणतात, आणि पुन्हा पाणी सोडण्याला ताण तोडणं. ताण कमी पडला तर फूल येत नाही, जास्त झाला तर झाडच वाळतं. आमच्या सगळ्या मुलुखाचं वर्ष या एका अंदाजावर चालतं.

यांच्या कादंबरीतला शास्त्रज्ञ हाच ताण माणसांना देतो. थोडं थोडं पाणी तोडत माणूस सुकवायचा, त्यावर एक औषध द्यायचं, की तो मरत नाही, झोपतो. वर्षानुवर्षं झोपतो, आणि पाणी मिळालं की तरुण होऊन उठतो. गावातली माणसं एकेक करून नाहीशी होतात. ती सगळी एका जिनिंगच्या गोदामात कापसाच्या गाठींमागे निजलेली असतात. तपासाला नागपूरहून एक इन्स्पेक्टर येतो, हुशार, कडक. आणि शेवटी कळतं की सगळ्यात आधी नाहीसा झालेला माणूस तो स्वतःच आहे, झोपेतून उठलेला, स्वतःला विसरलेला. खुणा पहिल्या पानापासून पेरलेल्या होत्या. तो तिगावच्या स्टेशनावर उतरून टांगा शोधतो, जिथे आता टांगे उरलेले नाहीत. गावातली म्हातारी माणसं त्याच्याकडे टक लावून पाहतात. मी शेवट वाचल्यावर मागे जाऊन सगळी पानं तपासली. एक धागा सुटलेला नव्हता. मला नवऱ्याचा अभिमान वाटला, हेही सांगून टाकते.

पण लिहिणं! दर अध्यायाचा शेवट "इतक्यात!" असा. नायिका दिसली की बेशुद्ध पडायची. शास्त्रज्ञ एकटा असतानाही "हा हा हा" करून हसायचा. एकदा नायिका रडते, तिथे यांनी लिहिलं होतं, "तिच्या नेत्रांतून अश्रूंचे दोन थेंब गुरुत्वाकर्षणाने खाली पडले." मी म्हटलं, अहो, अश्रू खालीच पडतात, त्याला गुरुत्वाकर्षण कशाला? तर म्हणाले, "कारण तेच आहे." एक स्वल्पविरामसुद्धा बदलू द्यायचे नाहीत. मी नागपूरला मॅट्रिकपर्यंत शिकले होते, वाचनालयाची कपाटं रिकामी केली होती, आणि घरात हे वाङ्मय जन्माला येत होतं.

ते वाङ्मय मनापासून ऐकणारा एकच श्रोता होता, माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. मामाजी आमच्याजवळ राहायचे आणि रोज सकाळी रामाकोन्याच्या रस्त्यावरच्या आपल्या बागेत जायचे. अक्षरओळख नव्हती. दुपारी परत आले, जेवले, की भिंतीला टेकून म्हणायचे, "सूनबाई, वाच मास्तरचं." मुलाला ते मास्तरच म्हणत. सातवा अध्याय त्यांना सगळ्यात आवडायचा, कारण त्यात शास्त्रज्ञ ताण देण्याची रीत सांगतो. ती रीत यांनी मामाजींकडूनच ऐकलेली होती, त्यामुळे ती तेवढी नीट लिहिली गेली होती. ते डोळे मिटून मान हलवायचे आणि म्हणायचे, "बरोबर लिवलं पोरानं."

मग पांढुर्ण्याहून बोलावणं आलं. तिथल्या वाचनालयात रविवारी दुपारी कोणी काही लिहिलं असेल तर वाचून दाखवत. यांनी नवा कोट इस्त्री करून घेतला. आम्ही तिघे बसने गेलो. मामाजींनी डोक्याला स्वच्छ पटका बांधला होता आणि बसमध्ये शेजारच्याला सांगत होते की आमच्या मास्तरनं पुस्तक लिवलं.

वाचनालयात शिक्षक होते, कापसाचे व्यापारी होते, कचेरीतली माणसं होती. मी बायकांच्या बाजूला बसले, मामाजी मागे दाराजवळ. सुरुवातीला सगळे गप्प ऐकत होते, आणि मला वाटलं, निभावलं. पण गुरुत्वाकर्षण आलं. आधी एक जण हसला, मग त्याच्या शेजारचा, मग सगळी खोली. यांना कळेचना काय झालं ते. ते थांबले, घाम पुसला आणि पुढे वाचू लागले, आणि पुढच्याच ओळीत नायिका बेशुद्ध पडली. त्यानंतर कोणी कथानक ऐकलंच नाही. प्रत्येक "इतक्यात"ला लोक आधीच हसून घेत होते. एक गृहस्थ तर शेवटी उठून म्हणाले, "मास्तर, तुमचा शास्त्रज्ञ हसतो तेवढं आम्ही जन्मात हसलो नव्हतो." मला त्या गृहस्थांचा असा राग आला की सांगता सोय नाही. माझ्या नवऱ्याच्या लिहिण्याला नावं मी ठेवते, इतरांनी ठेवायचं काय कारण?

परतीच्या बसमध्ये मामाजी खिडकीतून बागा पाहत बसले होते.

त्यानंतर किती दिवसांनी माझ्या लक्षात आलं, ते मला सांगता यायचं नाही. हिवाळ्यात कोण कोणाचं पाणी पाहतं? पण जेवणाजवळ ठेवलेला मामाजींचा तांब्या भरलेलाच राहू लागला होता. आधी मला वाटलं थंडीमुळे असेल. मग त्यांनी ताक नको म्हटलं. वरण घट्ट कर म्हणाले. चहा तर अर्धा कपही संपेना. त्यांचे ओठ फुटले, डोळे आत गेले. एकदा ओट्यावरून उतरताना तोल जाऊन भिंत धरली. मी विचारलं, "मामाजी, पाणी पिता ना?" तर म्हणाले, "पेतो ना, बागेत पेतो." आणि मी त्यावर विश्वास ठेवला.

शेवटी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी जीभ पाहिली, कातडी ओढून पाहिली, लघवी किती होते ते विचारलं आणि बाहेर येऊन यांना म्हणाले की म्हाताऱ्याच्या अंगात पाणीच उरलेलं नाही, असंच चाललं तर मूत्रपिंडं बसतील आणि मग नागपूरला नेऊनही उपयोग व्हायचा नाही. हे पांढरेफटक पडले. काय झालंय ते डॉक्टरांनाही सांगता येईना. पाणी समोर आहे, तहान आहे, मग माणूस पीत का नाही?

दुसऱ्या दिवशी दुपारचा डबा घेऊन मीच बागेत गेले. बागेला तेव्हा ताण दिलेला होता. जमीन भेगाळलेली, पानं द्रोणासारखी वळलेली. मामाजी एका झाडाखाली बसले होते. त्यांनी एक पान चिमटीत धरलं, वाकवलं, सोडलं आणि ते किती वेळाने सरळ होतं ते पाहिलं. मग आपल्याच मनगटाची कातडी चिमटीत धरली, ओढली आणि सोडली. तीही तशीच उभी राहिली. मग हळूहळू बसली. त्यांनी मान हलवली, सातव्या अध्यायाला हलवायचे तशीच.

माझ्या हातातून डबा सुटला.

"मामाजी, हे काय करून राहिले तुम्ही?"

"ताण देऊन राहिलो," ते शांतपणे म्हणाले. "झाडाले देतो तसाच. एकदम नाही तोडलं, हळूहळू तोडलं. मास्तरनं लिवलं तसंच."

मी त्यांना घरी कसं आणलं ते माझं मला माहीत. हे शाळेतून आले तेव्हा मी रडत होते आणि मामाजी खाटेवर निजले होते. ऐकलं तेव्हा हे बापाच्या पायाशी जमिनीवरच बसले.

"बाबा, ते खोटं आहे. मी बनवलेलं आहे ते. असं औषध नसते, असं काही होत नसते."

"तू कायचा बनवते?" मामाजी म्हणाले. "ताण म्या शिकवला तुले. मह्या बापानं मले शिकवला. तो खोटा हाये काय?"

"झाडाचा खरा आहे. माणसाचा नाही."

"त्या दिवशी लोकाइनं हासलं म्हून तू भेला. आता लिवलेलं खोटं हाये म्हनून राहिला."

झालं. खोटं आहे म्हणावं तर मुलगा भ्याला असं ठरत होतं, आणि खरं आहे म्हणावं तर बाप मरत होता. आम्ही विनवण्या केल्या, शपथा घातल्या, मी तर वाटी तोंडाला लावली. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले आणि पाणी दाढीवरून ओघळलं. पातळ खिचडी दिली तर म्हणाले, "पाणीच हाये हे." आधी भाकरीच्या घासाबरोबर एखादा घोट तरी घ्यायचे, आता तोही बंद केला, कारण आम्ही फसवू अशी त्यांना शंका आली होती. जीभ जड झाली होती, बोलणं तुटक यायला लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, उद्या गाडी करून नागपूरला हलवा. आणि वाटेतच काही झालं तर, हा विचार माझ्या मनातून हलेना.

तेव्हा मला सुचलं. हा माणूस आमचं ऐकत नाही, पण कादंबरीचं ऐकतो. कादंबरीनेच त्याला पाणी प्यायला सांगायला हवं.

हे डोकं धरून बसले होते. मी त्यांची वही ओढून घेतली आणि रात्रभर बसून एक नवा अध्याय लिहिला. इन्स्पेक्टर विहिरीच्या काठावर येऊन बसतो. त्याला काही आठवत नाही, फक्त तहान आठवते. एक बाई येते, काही न विचारता त्याच्या ओंजळीत पाणी घालते, आणि पहिल्या घोटाबरोबर त्याला आपलं घर आठवतं. बस, एवढंच. मी लिहिलं म्हणून सांगत नाही, पण त्या सगळ्या वहीत तेवढीच पानं वाचण्यासारखी होती. सकाळी गाडी यायच्या आत यांनी ती वाचली, डोळे पुसले आणि बापाजवळ बसून स्वतःच्या आवाजात वाचून दाखवली.

मामाजींनी डोळे मिटून ऐकलं. मी तांब्या हातात धरून उभी होते.

"हे मास्तरचं नाही," ते म्हणाले.

"माझंच आहे, बाबा."

"नाही. यात कोणी बोंबललं नाही. इनिस्पेक्टर इतका वेळ गुपचूप बसते काय? अन् ते पोरगी कुठी गेली?" दम लागून ते थांबले. "सूनबाईनं लिवलं हे. तिले भेव वाटते म्हून."

एवढं चांगलं लिहून मी त्यांना हातचं घालवलं होतं. कोणी चांगलं लिहिलं म्हणून पकडलं गेल्याचं मी तरी दुसरं उदाहरण ऐकलेलं नाही, पण त्या वेळी हसू यायची वेळ नव्हती.

यांनी टाक उचलला. खाटेच्या कडेला वही टेकवली आणि बापासमोरच लिहायला लागले. मी इतक्या वेगाने लिहिताना त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ओठ हलत होते, शाईचे डाग धोतरावर पडत होते. मामाजी अर्धवट डोळ्यांनी टाकाकडे पाहत होते. लिहून होताच, शाई वाळायच्या आधीच, हे मोठ्याने वाचू लागले.

"इतक्यात! धाडकन् गोदामाचे दार उघडले! शास्त्रज्ञ आत शिरला. त्याचे केस विद्युत्प्रवाह दिल्याप्रमाणे उभे राहिले होते. 'थांबा!' तो गरजला. 'मूर्खांनो, ताण मर्यादेबाहेर गेला आहे! आता औषधाचा उपयोग नाही! आता ताण तोडला नाही तर झाड फुलत नाही, झाड वाळते! हा हा हा!' हे ऐकताच नायिका किंकाळी फोडून बेशुद्ध पडली."

मामाजींचे डोळे उघडले.

"'मग हा ताण कोण तोडणार?' इन्स्पेक्टरने घोगऱ्या आवाजात विचारले. 'ज्याला ताण दिला आहे त्याला तो स्वतः तोडता येत नाही,' शास्त्रज्ञ म्हणाला. 'ज्याप्रमाणे झाड स्वतः मोट हाकू शकत नाही. पाणी दुसऱ्याच्या हातून यावे लागते. कृती पुढीलप्रमाणे. पहिले पाणी हलके. एक घोट. नंतर थांबावे. दुसरे पाणी त्याहून थोडे अधिक. एकदम भरपूर पाणी दिल्यास अपाय होतो.'"

तिथे यांनी वही खाली ठेवली. मला त्या क्षणी एक गोष्ट लख्ख दिसली. कथानकात खरंच एक भोक राहिलेलं होतं. इन्स्पेक्टर झोपेतून उठला हे यांनी लिहिलं होतं, पण त्याला पाणी कोणी पाजलं हे कुठेच नव्हतं. मी सगळी पानं तपासली होती तरी मला ते सापडलं नव्हतं. आता ते भरलं गेलं होतं, आणि ते इतकं चपखल बसलं की पहिल्यापासून तिथेच असावं.

"हां," मामाजी म्हणाले. "हे बरोबर हाये. पहिलं पाणी हलकंच द्या लागते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आण, सूनबाई. एकच घोट."

मी तांब्या त्यांच्या ओठांना लावला. त्यांनी घोट घेतला, तोंडात धरला, गिळला, आणि मी पुढचा देऊ लागले तर मला हाताने थांबवलं. नंतर थांबावे असं लिहिलं होतं. आम्ही दोघं खाटेच्या दोन बाजूंना बसून थांबलो. हे बापाच्या पायावर डोकं टेकून रडत होते. मीही रडत होते, आणि मनात म्हणत होते की देवा, आता यांनी कितीही "इतक्यात" लिहिले तरी मी तोंड उघडणार नाही. तेवढं काही मी पाळलं नाही.

नागपूरची गाडी परत पाठवली. मामाजींना उठून बसायला बरेच दिवस लागले. डॉक्टर सांगत तेवढंच पाणी ते पीत, पण आधी विचारत, "मास्तरच्या पुस्तकात एवढंच हाये ना?" मी हो म्हणायचे. पुढे गड्याने बागेचाही ताण तोडला, आणि बाग फुलल्याचा वास वाऱ्यावर रस्त्यापर्यंत येतो असं येणारेजाणारे सांगू लागले. कोण कोणत्या राज्यात जाणार हे बोलणं गावात अजून चालूच होतं, पण आमच्या घरात कोणी त्याकडे फारसं लक्ष देत नव्हतं.

एका दुपारी मी त्यांचे पाय चेपत बसले होते. हे शाळेत गेले होते. इतके दिवस मनात होतं ते विचारलं.

"मामाजी, तुम्हाला जवान होऊन काय करायचं होतं?"

"मले?" त्यांना नवलच वाटलं. "मले कायले जवान व्हायचं? झालं तेवढं पुरे झालं." मग म्हणाले, "त्या दिवशी पांढुर्ण्याले सगळे हासून राहिले होते पोराले. तो उभा होता बिचारा, घाम पुसून राहिला होता. म्या म्हटलं, लोक कायले मानतील? कोणी करून दाखवलं पाहिजे ना. मह्या अंगाले बहार आला असता, म्या तसाच चालत गेलो असतो त्या वाचनालयात. मंग पाह्यलं असतं कोण हासते ते."

मी पाय चेपत राहिले.

त्यांनी सदऱ्याची बाही वर सारली आणि हात माझ्यापुढे केला. हाडांवर कातडी लोंबत होती.

"तू शिकलेली हायेस. नीट पाहून सांग. थोडा तरी फरक पडला काय?"

मी तो हात माझ्या हातात घेतला, दाराकडे उजेडात धरला आणि नीट पाहिला.

"पडला, मामाजी," मी म्हटलं. "थोडा पडला."

"मंग मास्तर आला की त्याले सांग," ते म्हणाले, आणि भिंतीकडे वळून झोपले.